चौकशीताई गाडीखाली शिरली

गेटपासून आतपर्यंत फरशीवर लाल थेंब पडले होते. कचऱ्याची बादली घेऊन खाली आलेली चौकशीताई तिथेच थबकली. पहिली शंका आली ती मांजरीची. इमारतीत एक तिरळी, भांडकुदळ मांजर होती आणि तिची रोज कुणाशी ना कुणाशी जुंपायचीच. "आज बाईसाहेबांनी चांगलाच मार खाल्लेला दिसतोय," असं पुटपुटत ताई थेंबांच्या मागावर निघाली. थेंब पाण्याच्या टाकीला वळसा घालून कोपऱ्यात गेले आणि ताईच्याच घरच्या गाडीखाली संपले. तिने वाकून पाहिलं. मांजर पुढच्या चाकाला टेकून निवांत पंजा चाटत होती. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. उलट 'काय काम काढलंत?' अशा नजरेने ती ताईकडे बघत होती.

ताईने एका थेंबाला बोट लावलं आणि हुंगून पाहिलं. चिकट, जरा जळकट वास. रक्त नव्हे, तेल.

दुसरं कुणी असतं तर हात पुसून वर निघून गेलं असतं. ताईने बादली बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि गाल फरशीला लागेपर्यंत मान खाली घातली. शिकवणी घेणारे शेजारचे मास्तर तेवढ्यात दूध घेऊन येत होते. ते नुसतं म्हणाले, "चालू द्या, ताई." त्यांना सवय होती. सगळ्या इमारतीलाच होती.

चौकशीताई हे नाव तिला दोन्ही बाजूंनी चिकटलं होतं. ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. डोक्यावर ठळक अक्षरांत 'चौकशी' अशी पाटी, समोर काचेला पडलेलं अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून दिवसभर येणारे प्रश्न. एक्स-रे कुठे काढतात? आमच्या आत्याला कुठल्या खोलीत ठेवलंय? डॉक्टर जेवायला गेले ते परत येणार की गेलेच? सगळ्यांना ती नीट, न चिडता उत्तरं द्यायची. पण घरी आली की गंगा उलटी वाहायची. दिवसभर दिलेल्या उत्तरांची वसुली करावी तशी ती प्रश्न विचारत सुटायची. फ्रिज मध्येच गुरगुरतो का? लिफ्टला कळतं कसं की मजला आला? इस्त्री तापली की लाल दिवा विझतो, म्हणजे आत नेमकं कोण कुणाला सांगतं? उत्तर मिळालं नाही की ती पेचकस काढायची. लहानपणी आईने एकदा वैतागून म्हटलं होतं, "ही पोरगी जन्मली तेव्हा रडली नसेल, 'का?' म्हणाली असेल."

नवरा मात्र साधा, सरळ आणि आडव्या हाडाचा माणूस. लोकांच्या घरी जाऊन कपाटं बसवणं हे त्याचं काम. भलंमोठं कपाट एकट्याने पाठीवर घेऊन जिना चढायचा. ताईने त्याला तेलाचं सांगितलं तेव्हा तो बूट घालत होता.

"जुनी गाडी आहे. गळणारच. या वयात माणूस नाही का गळत?"

"पण कुठून गळतंय?"

"खालून."

"तेवढं मलाही दिसलं. पुढच्या चाकाजवळ पडतंय तेल. स्टिअरिंग कसं वाटतं तुला?"

त्याने जरा विचार केला. "जड आहे. वळताना कण्हतं पण. मी म्हटलं, तेवढाच दंडांना व्यायाम."

घरात गाडीबद्दल खरं बोलू शकला असता असा एकच माणूस होता, मामंजी. तिचे सासरे. जन्मभर त्यांनी बस चालवली होती. त्या काळच्या बसचं स्टिअरिंग म्हणजे उखळासारखं. वळवायला खांद्यापासून जोर लागायचा. मामंजींचे दंड म्हातारपणीही दोरखंडासारखे दिसत. पण बोलणं? बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते. निवृत्त होताना ती त्यांनी घरी आणून स्वतःच्या गळ्यात घातली असावी, असं ताई म्हणायची. सून म्हणून ती या घरात आली तेव्हापासून तिचे किती प्रश्न त्या विहिरीत पडले आणि वर 'हं' एवढाच आवाज आला, त्याची गणती नव्हती.

गाडी त्यांचीच. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. रोज सकाळी ते ती पुसत, आठवड्याला एक लांबची चक्कर मारत. आणि मग एका दुपारी, काही वर्षांपूर्वी, बाहेरून आले, किल्ली टीव्हीच्या डोक्यावर ठेवली आणि मुलाला म्हणाले, "आता तूच चालव." त्यानंतर पुढच्या सीटवर बसले म्हणून नाहीत. घरातल्या प्रत्येकाने आपापला तर्क लढवला. नवऱ्याला वाटलं, डोळे अधू झाले असतील. मास्तरांना वाटलं, कुठेतरी गाडी ठोकता ठोकता वाचली असेल. ताईने सरळ विचारलं, एकदा नव्हे, दहादा. मामंजींनी ताकास तूर लागू दिली नाही. "मन नाही," एवढंच.

आता गळतीच्या निमित्ताने ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, गाडीच्या स्टिअरिंगचं तेल गळतंय. कुठून गळत असेल?"

"मेकॅनिकला दाखव."

तर ती मेकॅनिककडे गेली. गाड्यांच्या रांगेतून वाट काढत, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवरून जपून पावलं टाकत तिने त्याला गाठलं. तो भला माणूस होता, पण त्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर होता. त्याने गाडीखाली एक नजर टाकली आणि म्हणाला, "नळ्या गेल्यात. ठेवून जा. पुढच्या महिन्यात बघतो."

"नेमक्या कुठे गेल्यात?"

"ताई, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही गाडी ठेवून जा."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण या वाक्याने गाडीचं नशीब ठरलं. ताई गाडी घेऊन घरी परतली. वळणावळणावर ती गाडी अशी कण्हत होती की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि घरी पोचेपर्यंत ताईच्या दंडात गोळे आले.

त्या संध्याकाळी तिने गाडीखालचा भाग चिंध्यांनी लख्ख पुसून काढला, खाली पांढरा पुठ्ठा सरकवला, नवऱ्याला इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि स्वतः लांबूनच बॅटरीचा झोत टाकून बघत बसली. आधी काहीच नाही. मग जिथे रबरी नळी धातूच्या टोपणात शिरते तिथे एक लाल मणी फुगला, थरथरला आणि खाली पडला. त्याच्यामागे दुसरा. जरा खाली, एका बारीक नळीच्या अंगाला घाम सुटल्यासारखं तेल पाझरत होतं.

"सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली की नवऱ्याने घाबरून इंजिन बंद केलं.

"काय सापडलं?"

"एक नाही, दोन्ही नळ्या गळताहेत. मी बदलणार."

"अगं, तू मिक्सर उघडलास तेव्हाही असंच म्हणाली होतीस."

"मिक्सर चालतोय की."

"चालतोय. बटण एकवर ठेवलं की तीनवर पळतो. गाडीने तसं केलं तर आपण कुठे जाऊन थांबायचं?"

पण तो नवरा होता, शत्रू नव्हे. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याकडून त्याने जॅक आणि दोन भक्कम स्टँड मागून आणले.

सुट्या भागांच्या दुकानात ताईने मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं, आत गेला आणि दोन नळ्या घेऊन आला. एक जाड, दोन्ही टोकांना धातूची. दुसरी बारीक, नुसतं रबर.

"ही एवढी मजबूत आणि ही एवढी लेचीपेची, असं का?"

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. इतकी वर्षं तो नळ्या विकत होता, पण हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. तो खूश झाला. गल्ल्यावरचा पेन, रबरबँड आणि चहाचा कप घेऊन त्याने काउंटरवर सगळी मांडणी केली. हा पंप. पंप तेलाला जबरदस्त दाबाने जाड नळीतून खाली ढकलतो. तिथे तेल चाकं वळवायला हात लावतं. काम झालं की बारीक नळीतून आपलं परत टाकीत. "जाताना साहेबाच्या हुकमाने जातं बघा, आणि येताना बागेत फिरायला गेल्यासारखं येतं. म्हणून हिला नुसती क्लिप पुरते."

"म्हणजे एक धमनी आणि एक शीर."

"आता दवाखान्यातलं तुम्हाला माहीत," तो हसला. मग गंभीर होऊन त्याने बजावलं, "इंजिन चालू असताना जाड नळीजवळ बोट न्यायचं नाही. बारीकशा चिरेतून तेलाची धार सुटली तर कातडी फोडून आत जाते. आणि हे तांब्याचे वॉशर नवेच घाला. जुने परत वापरायचे नाहीत."

रविवारी सकाळी नवऱ्याने गाडी पुढून उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं आणि समाधान झाल्यावर एका घरी स्वयंपाकघरातलं कपाट बसवायला निघून गेला. ताईने त्याचीच जुनी पँट नाडीने आवळली होती आणि केसांना फडकं बांधलं होतं. मामंजी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आदल्या दिवशी तिने बेत सांगितला तेव्हा ते "कशाला?" म्हणाले होते. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

सुरुवात बरी झाली. नळ्यांच्या टोकांना तिने रंगीत दोरे बांधले, म्हणजे कुठलं टोक कुठे जाणार याचा घोळ नको. खाली धुण्याचा जुना टब ठेवला. परतीच्या नळीची क्लिप पकडीने दाबून मागे सारली, नळी हळूहळू पिळून ओढली, आणि ती सुटली तशी तेलाची धार टब सोडून थेट तिच्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेली. ती हसली. तेल लाल असतं ते गळती ओळखता यावी म्हणून की दिसायला, हा प्रश्न मनात टिपून ठेवून ती पुढे सरकली.

जाड नळीचा खालचा नट मात्र हट्टाला पेटला. तिने पाना लावला, जोर केला; पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आणि बोटांची सालटं निघाली. नटाचे कोपरे चकाकू लागले. ती तिसऱ्यांदा पाना लावणार एवढ्यात वरून आवाज आला.

"थांब!"

दचकून तिचं डोकं गाडीच्या पत्र्याला आपटलं. मामंजींचा इतका मोठा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. जिन्यावर चपलांची फटफट झाली. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं उलगडलं तर आत एक पाना. रिंग पान्यासारखाच, पण तोंडाला एक खाच असलेला.

"नळीवरून आत सरकतो हा. मग नटाला चहूबाजूंनी धरतो," ते म्हणाले. "तुझा दोन बाजूंनीच धरत होता. कोपरे गोल झाले की मग ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही."

"हा कुठला?"

"डेपोतला एक फिटर माझा दोस्त होता. त्याने दिला."

चार वाक्यं! ताईला वाटलं, आत्ता आणखी विचारलं तर विहीर पुन्हा मुकी होईल. ती गप्प बसली आणि पाना लावला.

"झटका देऊ नको. अंगाचं वजन टाक. वाट बघ."

तिने वजन टाकलं. काही क्षण काहीच नाही. मग 'कट्' असा कोरडा आवाज आला आणि नट हलला. मामंजींनी मान डोलावली. पण वर गेले नाहीत. बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

पंपाकडचा बोल्ट त्यामानाने निमूट सुटला. त्याच्यासोबत एक काळपटलेला वॉशर आला. दोन्ही जुन्या नळ्या बाहेर आल्या आणि फरशीवर मेलेल्या सापांसारख्या पडल्या. खरं तर आता नव्या बसवायच्या आणि मोकळं व्हायचं. पण चौकशीताईच ती. बारीक नळी तिने सरळ ताणली आणि दुर्बिणीसारखी डोळ्यासमोर धरून आभाळाकडे पाहिलं.

"पलीकडचं दिसत नाही."

"तेल असेल आत."

"तेल तर गेलं सगळं." तिने नळी आपटून झटकली, पुन्हा बघितलं. पुन्हा अंधार. मग तिने घरातली पुठ्ठे कापायची सुरी आणली आणि नळी उभी चिरली.

बाहेरून नळी धडधाकट होती, फक्त जरा फुगलेली. पण आत रबराचा अस्तरासारखा पातळ थर सुटून आला होता आणि जिभेसारखा नळीच्या मधोमध आडवा पडला होता. तेलाला जायला चिंचोळी फटच उरली होती. ताईने ती जीभ बोटाने वर केली, सोडली. ती पुन्हा आडवी झाली. तिने पुन्हा वर केली.

"अहो मामंजी, हे बघा तरी! तेलाला घरी परतायची वाटच बंद. मग पंप कितीही ढकलू दे, पुढचं तेल जाणार कुठे? आणि तेल फिरलं नाही म्हणजे स्टिअरिंगला मदत नाही. गळती तर आत्ताची. हे आतलं दुखणं जुनं असणार."

मामंजींनी नळी हातात घेतली. उन्हाकडे धरली. अंगठ्याने ती रबरी जीभ दाबून बघत राहिले.

"किती जुनं?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. पण एका दिवसात नाही झालेलं हे. रबर सुटत सुटत जातं ना. वर्षं लागली असतील."

"वर्षं," ते म्हणाले.

ताई दवाखान्यात इतकी वर्षं काचेमागे बसली होती. माणूस काही बोलायच्या बेतात आला की त्याचा चेहरा कसा होतो हे तिला ओळखता येत होतं. तिने सुरी मिटली आणि अगदी हळू विचारलं, "मामंजी, तुम्ही गाडी का सोडलीत?"

मामंजींनी नळीवरची नजर काढली नाही.

"बाजाराच्या चौकात वळत होतो," ते म्हणाले. "उलटं वळण, पूर्ण माघारी फिरायचं. स्टिअरिंग वळेना. म्हणजे वळत होतं, पण... माझ्याच्याने वळेना. मागे भोंगे. एक पोरगा स्कूटरवरून ओरडून गेला, आजोबा, झेपत नाही तर घरी बसा. कशीतरी आणली गाडी. बस वळवलेले हात हे. भरलेली बस. मला वाटलं, संपले. हात गेले."

ताईच्या डोळ्यांसमोर मागची काही वर्षं भराभर उलगडत गेली. मामंजींनी पाण्याची बादली उचलायचं सोडलं होतं. बरणीचं घट्ट झाकण आलं की "तू उघड" म्हणून पुढे करायचे. माळ्यावर चढायचं सोडलं, बाजाराच्या पिशव्या आणायचं सोडलं, सुट्टीत येणाऱ्या नातीला कॅरम शिकवायचंही सोडलं. घरच्यांना वाटलं, वय झालं. वय कुणाचं होत नाही? पण इथे तर माणसाने एका वळणावर निकाल ऐकला होता आणि मग एकेक वस्तू स्वतःहून खाली ठेवत गेला होता.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत!" तिच्या तोंडून निघून गेलं.

मामंजींनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले.

"आणि संन्याशाने पण तक्रार केली नाही," ते म्हणाले, आणि हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि ताई पाणी आणायला पळाली. काही अंशी पाण्यासाठी, काही अंशी डोळे पुसायला.

नव्या नळ्या दोघांनी मिळून बसवल्या. ती खाली, ते वरून. ते "अजून अर्धा आटा" म्हणत, ती "का अर्धाच?" विचारी, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना का ते सांगावंसं वाटे. टाकीत नवं लाल तेल ओतलं. आता आतली हवा काढायची होती: इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, तेल खाली जाईल तसं वरून भरत राहायचं. दुकानदाराने हे चहाच्या कपासकट समजावलं होतं.

"तुम्ही बसा आत," ताई म्हणाली. "मी टाकीकडे बघते."

"मास्तरांना बोलव."

"मास्तरांना सायकल येत नाही धड. चाकं हवेत आहेत, मामंजी. काही जोर लागायचा नाही."

ते दाराशी जरा वेळ उभे राहिले. मग दार उघडून आत बसले, सीट त्यांच्या मापाला मागे सरकवली आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. अंगठे आत न गुंडाळता वर मोकळे ठेवायची त्यांची पद्धत तिच्या पहिल्यांदाच लक्षात आली. ते फिरवू लागले. डावीकडे, उजवीकडे. टाकीत बुडबुडे आले, तेल फेसाळलं, खाली गेलं, तिने भरलं, पुन्हा बुडबुडे. एखाद्या बाळाची ढेकर काढावी तसं ते काम सावकाश चाललं. शेवटी बुडबुडे थांबले.

"आता इंजिन चालू करा."

इंजिन चालू झालं. ताईने लांबून झोत टाकला. परतीची नळी कोरडी ठणठणीत. जाड नळीचं खालचं टोकही कोरडं. पण पंपाकडच्या टोकाला...

"गळतंय!" ती म्हणाली. "तिथेच गळतंय! बंद करा!"

तिचा चेहरा उतरला. सकाळपासून केलेल्या खटपटीचं हेच फळ? मामंजी गाडीतून उतरले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तिथून वॉशर किती काढलेस?"

"एक."

"घातलेस किती?"

"दोन. बोल्टच्या डोक्याखाली एक, नळीच्या पलीकडे एक. दुकानदाराने..." ती थांबली. "घालायचे दोन, तर निघायला पण दोनच हवे होते! मग दुसरा जुना कुठे गेला?"

दोघं एकाच वेळी पुढे झाले. बोल्ट सोडला, नळी बाजूला केली आणि ताईने पंपाच्या तोंडावर नख फिरवलं. जुना वॉशर तिथल्या धातूशी असा एकजीव होऊन बसला होता की रंगावरून तो पंपाचाच भाग वाटत होता. नवा त्याच्या डोक्यावर बसला होता, आणि दोघांच्या मधल्या फटीतून तेल वाट काढत होतं. सुरीच्या टोकाने खरवडल्यावर तो टिचकन उडून टबात पडला.

"घरात पाहुणा आहे की नाही ते न बघताच दुसऱ्याचं अंथरूण घातलंस," मामंजी म्हणाले. त्यांनी विनोद केल्याचं लक्षात यायला ताईला थोडा वेळ लागला.

पुन्हा सगळं आवळलं, पुन्हा हवा काढली, पुन्हा झोत टाकला. पुठ्ठा कोरडा राहिला. ताईने तो तसाच ठेवून चहा केला, दोघांनी तिथेच उभ्याने प्यायला, आणि परत पाहिलं तरी कोरडाच.

नवरा परतला तेव्हा गाडी जमिनीवर उतरवायची तेवढी बाकी होती. त्याने ती उतरवली, हात झटकले आणि सवयीने चालकाच्या दाराकडे वळला. ताईने त्याचा शर्ट मागून ओढला.

"अगं, काय?"

"तू मागे बस."

मामंजी आत बसले. चाकं आता जमिनीवर होती, गाडीचं सगळं वजन पेलत होती. त्यांनी इंजिन चालू केलं, श्वास घेतला आणि खांदे ताठ करून पूर्ण जोर लावला. स्टिअरिंग इतकं अलगद फिरलं की त्यांचा हात भेलकांडला. त्यांनी जोर कमी केला. मग एकाच हाताने फिरवलं. मग तळहात नुसता टेकवून. शेवटी एक बोट आत घालून त्यांनी ते डावीकडून उजवीकडे नेलं, उजवीकडून डावीकडे आणलं, आणि चाकं आज्ञाधारक मुलासारखी वळत राहिली.

"बाबा, टायर झिजतील," नवरा मागून म्हणाला.

"झिजू दे."

गल्लीत दोन चकरा मारून ते मोठ्या रस्त्याला लागले. कुठे चाललोय हे ताईने विचारलं, तर म्हणाले, "बघ की." त्यांनी गाडी बाजाराच्या चौकात नेली आणि ते उलटं वळण घेतलं. मग चौकाला वळसा घालून आले आणि पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा कोपऱ्यावरचा फळवाला संशयाने उभा राहिला.

सगळंच काही पहिल्यासारखं झालं नाही. गाडी मागे घेताना त्यांचा उजवा खांदा दुखायचा. डॉक्टरांनी सांगितलं की तो खरोखरच आखडलाय, नळीचा त्यात काही दोष नाही, व्यायाम करा. डोळेही तपासून झाले, नवा चष्मा आला, आणि अंधारात गाडी चालवायची नाही असं ठरलं. पण बरण्यांची झाकणं मामंजी पुन्हा उघडू लागले. काही उघडायची, काही नाही. न उघडलेली बरणी ते कुरकुर न करता मुलाकडे सरकवायचे. सकाळची पाळी असली की सुनेला दवाखान्यात सोडायला निघायचे. ताई शेजारी बसून विचारायची की बसचालक अंगठे मोकळे का ठेवतात, आणि ते सांगायचे की खड्ड्यात चाक आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरून अंगठा मोडायचा, एका जोडीदाराचा असाच मोडला होता. मग त्या जोडीदाराची सगळी कथा, त्याच्या दोन लग्नांसकट.

असंच एकदा जाताना त्यांनी मध्येच बोलणं थांबवलं आणि कान टवकारले.

"कट-कट ऐकू येतंय का गं?"

"हो. डाव्या चाकातून. कशाचं?"

"माहीत नाही." त्यांनी गाडी हळू केली, परत वेगात घेतली. आवाजही हळू झाला, परत वेगात आला. "सूनबाई, रविवारी काय करतेयस?"

रविवारी दोघांनी डावं चाक काढलं. अख्खं काढलं, नट ओळीने फडक्यावर मांडले, आतलं सगळं हलवून, वाजवून, हुंगून बघितलं. काही सापडेना. शेवटी चाकाची टोपी उपडी केली तर तिच्यातून हरभऱ्याएवढा खडा टपकन पडला आणि घरंगळत नाल्यात गेला. मामंजी मुकाट्याने उठून चाक बसवायला लागले. ताई मात्र टोपी हातात फिरवत उभी राहिली. कुठे एवढीशीसुद्धा फट नव्हती, मग खडा आत गेला कसा?